आतून येतो

"थांबा! गाडी बाजूला घ्या!"

तृप्तीनं हात आडवा केला आणि धूळ उडवत येणारी मोटरसायकल करकचून थांबली. मागच्या कॅरिअरला सुतळीनं एक पोतं आवळलेलं होतं आणि त्याच्या बुडातून काहीतरी काळपट, चिकट, थेंब थेंब गळत होतं. आंबागडच्या जंगलातून सकाळी सकाळी गळतं पोतं घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाबद्दल वनरक्षकाच्या मनात काय येणार? रानडुक्कर... नाहीतर चितळ.

"पोत्यात काय आहे?"

"पेशंट हाय जी," मोटरसायकलवाला गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "रातभर बोडीच्या पान्यात बुडून होता. जीव हाय का गेला, ते आता पाहा लागन."

तिनं दातओठ खात सुतळी सोडली. आत गाळानं माखलेला पाण्याचा पंप होता. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावरच्या कुण्या शेतकऱ्याचा. गळत होतं ते त्याचं तेल.

आता हसावं की चिडावं, हे तिला ठरवता येईना. समोरचा मात्र ओठ न हलवता नुसत्या डोळ्यांनी हसत होता... आणि त्याचे डोळे हसायला फारच योग्य होते, हे तृप्तीच्या लक्षात आलं. लक्षात आलं याचाच तिला जास्त राग आला.

"खात्री नसन तं साहेबाले बोलवा ना, नाकेदारीन बाई," तो म्हणाला. "कुठी हायत साहेब?"

झालं! तृप्तीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. या भागात वनरक्षकाला आजोबा-पणजोबांच्या काळापासून नाकेदार म्हणतात आणि नाकेदाराच्या बायकोला नाकेदारीन. पुढे बायकाच खाकी घालून जंगल राखायला आल्या, पण गावांनी काही नवा शब्द शोधला नाही. तृप्ती आंबागडला आल्या दिवसापासून तिचा न झालेला नवरा सगळे शोधत होते.

"साहेब नाहीत," ती म्हणाली. आणि मग खात्याची शुद्ध भाषा गळून पडली, कारधा गावची पोरगी बाहेर आली. "नाकेदार मीच हो. समजलं का?"

त्यानं तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. "तृप्ती... संघपाल... नंदेश्वर." मग चटकन नजर वर घेतली, कान लाल झाले. "माफ करा जी. गलती झाली. जय भीम."

"जय भीम. जा आता."

पण तो गेला नाही. रस्त्याच्या पलीकडे डोमा, तिचा वनमजूर, पाठीवर ब्लोअर बांधून पाला उडवत होता. उन्हाळ्याच्या तोंडावर जंगलात असे रुंद, पालाविरहित पट्टे साफ करून ठेवतात, जाळरेषा म्हणतात त्यांना. वणवा त्या पट्ट्यापाशी आला की पुढे खायला काही मिळत नाही. डोमाचं यंत्र घुर्र करी, थांबे, पुन्हा घुर्र करी. मोटरसायकलवाला मान तिरपी करून, डोळे मिटून ऐकत होता.

"मशीन खोकलून राहिली तुमची."

"ती तशीच आहे."

"तशी नसते जी कोनतीच मशीन," तो म्हणाला आणि उतरलाच. पळसाच्या सावलीत मांडी घालून बसला, खिशातून पाना काढला. जाळी धुतली, फुंकली, कशाला तरी बोटानं हलकेच वळण दिलं. बोटं काळीकुट्ट, पण किती जपून चालत होती! वरून पळसाची लाल फुलं टपटप पडत होती. एक त्याच्या केसांत अडकलं. काढावं असं तृप्तीला वाटलं... आणि तिनं दोन्ही हात मागे बांधून घेतले.

दोरी ओढली. यंत्र एका दमात सुरू झालं, एकसारखं, खणखणीत.

"सुगत," तो यंत्राच्या आवाजावरून ओरडला. "फाट्यावर दुकान हाय. मोटरपंप रिपेरिंग. बिघडली तं आना. नाई आनली तं... मीच येतो ऐकाले."

"काय ऐकायला?"

"मशीन जी," सुगत म्हणाला आणि पेशंट घेऊन निघून गेला.

*

तो खरंच येत राहिला. कधी ब्लोअरचा आवाज ऐकायला, कधी कुणाचा पंप पोचवायच्या वाटेवर. ती वाट आंबागडवरून जात नसली तरी. डोमा दुरूनच म्हणायचा, "मॅडम, डाक्टर आले." तृप्ती म्हणायची, "येऊ दे, मले का?" आणि टोपी काढून केस नीट करायची.

तिचे दिवस मात्र सुखाचे नव्हते. मोहफुलांचा हंगाम सुरू झाला होता. पहाटेपासून बायामाणसं टोपल्या घेऊन मोहाखाली. फुलं पाल्यात हरवतात म्हणून कुणी ना कुणी खालचा पाला पेटवून देतो, आणि मग ती ठिणगी कुठवर जाईल याचा नेम नसतो. तृप्ती झाडाझाडाखाली जाऊन हात जोडायची. "जनाबाई, जुनं लुगडं अंथर वो खाली, पन काडी नको लावू." गावातली जनाबाई हो हो म्हणायची. सगळेच हो हो म्हणायचे.

आणि मग तो फोन. आकाशातल्या उपग्रहाला जंगलात कुठे आग दिसली की वनखात्याच्या माणसांच्या फोनवर संदेश येतो. टुंग. जेवताना टुंग, आंघोळीला जाताना टुंग. मोबाइल कंपनीची जाहिरात असली तरी तिचा घास तोंडाशी थांबायचा.

एका सकाळी गस्तीवर असताना ती गवतात पाऊल टाकणार, तोच डोमानं तिला मागून खेचलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर तार ताणलेली होती. रानडुकरासाठी कुणीतरी वरच्या वीजवाहिनीवर आकडा टाकून सोडलेली. तारेपलीकडे एक कोल्हा आडवा पडला होता. वीज मंडळाचा माणूस येईपर्यंत तृप्ती तिथेच बसून राहिली. गुन्हा नोंदवला, पंचनामा झाला, तार घालणारे दोघे संध्याकाळपर्यंत सापडलेही. सगळं तिनं चोख केलं. फक्त घरी आल्यावर कपडे वाळत घालायच्या तारेला तिनं हात लावला नाही.

डोमाच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी सुगत आला तो एकही विनोद न करता. त्यानं तिच्या हातात काहीतरी जाड, पिवळं दिलं. लाईनमनचे रबरी हातमोजे.

"मापाचे नाईत," तो म्हणाला. "पन घाला."

तिनं घातले. त्यात तिचे हात पार हरवून गेले. ती हसली, तो हसला नाही.

"इतकं काय झालं? काही झालं नाही ना मले?"

"नाई झालं. बरं झालं." तो दुसरीकडे पाहत म्हणाला. "पन एक विचारू का? रागावान तुमी."

"विचारा."

"नाकेदाराच्या बायकोले नाकेदारीन म्हनतेत. मंग... नाकेदाराच्या नवऱ्याले का म्हनतेत?"

मोहाचा गोडसर, जड वास हवेत भरून राहिला होता. उत्तर देण्याआधी तिनं हातमोज्याचं एकेक बोट ओढून सरळ केलं.

"त्याच्यासाठी शब्द नाई."

"बनवता येते ना..."

"नको बनवू," ती हळूच म्हणाली. कधी नव्हे ते तिच्या तोंडून एकेरी गेलं. "माझी आई कारध्याले राहते. संध्याकाळी 'घरी आली' असा माझा फोन गेल्याशिवाय ते जेवत नाई. कधी आग उशिरा विझते, फोनले रेंज नसते... ते तशीच बसून राहते ताटावर. एका मानसाले रोज उपाशी ठेवते मी. आनखी एकाले कायले ठेवू?"

"मी तं जेवतो जी," सुगत म्हणाला. "दाबून जेवतो." मग थोडं थांबून, "पन तुमच्या डोंगरावरचा धूर गेला का, मंगच."

त्यानं गाडीला किक मारली. आपण नाही म्हटलं आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मग त्याच्या गाडीचा आवाज विरेपर्यंत ती तिथेच का उभी होती?

*

एप्रिलमधली भर दुपार. ऊन असं की झाडांवरची पानं आपोआप गळत होती. ब्लोअर आदल्या दिवसापासून सुगतच्या दुकानात होता.

टुंग.

या वेळी संदेश वाचायचीही गरज नव्हती. तृप्तीनं क्वार्टरच्या दारातून मान वर केली आणि डोंगरावरच्या जुन्या किल्ल्याच्या मागून वर चढणारा धूर तिला दिसला. पांढरा नव्हे, पिवळट काळा. म्हणजे आगीनं चांगलं बस्तान बसवलं होतं.

ती, डोमा आणि तिचे वरिष्ठ, वनपाल यादोराव, डोंगराच्या पायथ्याशी जाळरेषेवर पोचले. गावातली माणसं हिरवे डहाळे घेऊन आली, जनाबाई पदर खोचून सगळ्यांत पुढे. आग उतारावरून खाली येत होती आणि वारा तिच्या बाजूनं होता. रेषेच्या अलीकडे बांबूचं रोपवन होतं. गेल्या पावसाळ्यात तृप्तीनं गावच्या बायकांसोबत एकेक रोप लावलेलं. या उन्हाळ्यात टँकरमागे धावून जगवलेलं. त्याच्याही अलीकडे गाव, अंगणाअंगणात तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंज्या, ठिणगी पडायचा अवकाश.

आणि रेषेवर पुन्हा पाला साचला होता. तिनं सुगतला फोन लावला.

"मशीन झाली का?"

"झाली जी."

"मंग घेऊन या. आत्ता! किल्ल्याच्या मागून आग उतरून राहिली."

मागे बँडचा, डीजेचा नुसता गदारोळ. "मोठ्या रस्त्यावर वरात हाय," सुगत ओरडला, "सारं जाम हाय इथी. मी आतून येतो. लवकर पोचतो."

"या," ती म्हणाली, आणि फोन तुटला.

डहाळ्यांनी, झाडूंनी माणसं पाला ओढू लागली. पण आगीचा वेग जास्त होता. यादोरावांनी कपाळावरचा घाम निपटला आणि दोन्हीकडे पाहिलं. "असं नाई जमत, पोरी. समोरून लावा लागन."

म्हणजे उलटी आग. येणाऱ्या वणव्याच्या समोर रेषेवरून आपणच आग लावायची. दोन्ही आगी एकमेकींकडे धावतात, मधलं सगळं खाऊन टाकतात, आणि भिडल्या की खायला काही न उरून विझतात. मधलं सगळं. म्हणून काडी ओढण्याआधी एकच गोष्ट बघायची असते, मधे कुणी नाही ना.

बीट तृप्तीचं, म्हणजे जंगलाचा हा भाग तिच्याकडे, काडीही तिनंच लावायची. यादोरावांनी काडेपेटी तिच्या हातात दिली. तिनं काडी काढली, पेटीवर टेकवली...

आतून येतो.

तिचा हात तिथेच थांबला. आतून? फाट्यावरून आत म्हणजे कुठून? नाकेदाराच्या तोंडी 'आत' या शब्दाला एकच अर्थ असतो. आत गेलो म्हणजे जंगलात गेलो. आत काय चाललंय म्हणजे जंगलात काय चाललंय. आणि फाट्यापासून किल्ल्याच्या मागून एक बैलगाडीची जुनी वाट निघते, ती थेट इथे, या उतारावर उतरते. मोठ्या रस्त्यापेक्षा जवळची. मागच्याच आठवड्यात तिनंच त्याला ती वाट दाखवली होती. "इकडून येत जा, अर्धं अंतर वाचते..."

"साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "थांबा. मानूस आत हाय."

"कोन?"

"मिस्त्री. सुगत. मशीन घेऊन निघाले. आतून येतो म्हनले."

यादोरावांनी तिच्या हातातली पेटी काढून खिशात घातली. "डहाळे चालवा गा! काडी कोनी नाई लावाची!"

तिनं फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, तेच शांत बोलणं. समोर बांबूच्या जुन्या बेटात आग शिरली आणि पेरं फटाफट फुटू लागली. प्रत्येक आवाजाला तृप्ती दचकत होती. तो कुठवर आला असेल? मागच्या वळणावर? धूर पाहून परत फिरला असेल? नाही फिरणार तो. मशीन पोचवायची आहे ना, वेडा, येतच राहील...

रेषेवर थांबायचं, हा नियम. एकट्यानं आगीत शिरायचं नाही, हाही नियम. दुसऱ्यांना ती स्वतः शिकवायची.

तिनं डोमाच्या खांद्यावरचा शेला ओढला, कॅनमधल्या पाण्यात बुचकळला, तोंडाला बांधला आणि कोरड्या नाल्यात उतरली.

"तृप्ती!" यादोराव मागून ओरडले. "ए पोरी! मागं ये!"

नाल्यात वाळू आणि गोटे होते, आग धरेल असं फारसं नव्हतं. पण धूर सगळा तिथेच उतरत होता. दोन्ही काठांवर झुडपं चरचरत होती. एक चितळ तिच्या अंगावरूनच गेल्यासारखं उडी मारून पळालं.

"मिस्त्री! ओ मिस्त्री!"

उत्तर नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुरानं होतं की कशानं, तिनं विचार केला नाही. कालच तो म्हणाला होता, उद्यापर्यंत करून देतो. आपण 'बरं' इतकंच म्हटलं. इतकंच! हसूनसुद्धा नाही.

"सुगत!" तिनं जन्मात पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली. "सुगत... सुगत!"

पुढे ऐनाचं एक वाळकं झाड पेटून नाल्यात आडवं कोसळलं. ठिणग्यांचा लोट अंगावर आला, ती मागे पडली, उठली. आता पुढे जाता येत नव्हतं आणि मागे कुठे ते कळत नव्हतं. चहूकडे एकच राखाडी रंग. स्वतःची भीती तिला नवी नव्हती, तिच्याशी तिची रोजची ओळख होती. ही वेगळीच होती. तो कुठे आहे ते माहीत नसणं, आणि काहीही करता न येणं. असंही घाबरता येतं माणसाला?

तेवढ्यात आवाज आला.

मोटरसायकलचा नव्हे. ब्लोअरचा. एकसारखा, खणखणीत, कुठेही न खोकणारा. आणि आगीकडून नाही... पाठीमागून!

ती त्या आवाजाच्या दिशेनं धडपडत निघाली. धुरातून पाला दोन्हीकडे भिरकावला जाताना दिसला, मग नळी, मग पाठीवर यंत्र बांधलेला, तोंडाला रुमाल, शर्टाची बाही जळालेला सुगत.

"तृप्ती!" त्यानंही मॅडम म्हटलं नाही. "लागलं का? भाजलं का कुठी?"

"तुमी... तुमी इकडून कसे?"

"इकडूनच तं आलो! गावातून आलो. तिथी साहेब म्हनते, ते तं तुले पाहाले आगीत गेली!"

"तुमी आतून येतो म्हनले होते ना?"

"हो ना, आतूनच आलो! मोठा रस्ता सोडला, आतल्या रस्त्यानं, गावागावातून..."

तृप्ती जागच्या जागी थिजली. "आतून म्हंजे जंगलातून!"

"कोन म्हनते असं?"

"सारे म्हनतेत!"

"सारे नाकेदार म्हनत असतीन!" तो कळवळून ओरडला. "आमी फाट्यावरचे लोक आतून म्हंजे आतल्या रस्त्यानं म्हनतो! डांबरी रस्ता हाय तिथी! एस्टी जाते!"

दोन्ही बाजूंना जंगल जळत होतं आणि दोघं शब्दाच्या अर्थावरून भांडत होते. मग एक पेटती फांदी त्यांच्यामधे येऊन पडली. सुगतनं तिचा हात घट्ट धरला आणि ते वाळूतून परत निघाले. तो पुढे पाला उडवत होता, ती मागून त्याचा शर्ट धरून चालत होती.

"ऐका," ती मधेच म्हणाली. यंत्राच्या आवाजात त्याला ऐकू जाईल की नाही, कोण जाणे. "डोंगरावर धूर दिसला का... तुमाले असं होते का? आता मले झालं तसं?"

त्यानं यंत्र हळू केलं. "हो."

"दरवेळी?"

"दरवेळी जी."

ती रडू लागली, उघड उघड, वाळूत चालता चालता. आईच्या ताटावरच्या भुकेचा हिशेब तिनं मांडला होता. हा माणूस मात्र न विचारताच कधीपासून वाट पाहत बसला होता, आणि त्याला नकार देऊन तिनं त्याचं काहीच वाचवलं नव्हतं.

*

ती आत असेपर्यंत काडी लागली नव्हती, लागूही शकत नव्हती. तेवढ्यात वणव्यानं रेषेच्या एका निमुळत्या कोपऱ्यावरून उडी घेतली होती. ब्लोअर आल्यावर, डहाळ्यांनी झोडपत, पाणी मारत, गावानं तो कसाबसा धानाच्या मोकळ्या बांध्यांपाशी, कापणी झालेल्या शेतांपाशी, अडवला. गाव वाचलं, गंज्या वाचल्या. बांबूच्या रोपवनाचा अर्धा भाग मात्र राहिला नाही. ऊन कललं तेव्हा तिथे काळ्या काड्यांच्या रांगा होत्या. तृप्ती वाकली, एका रोपाला बोट लावलं. त्याची राख झाली.

माणसं दमून जमिनीवर टेकली होती. यादोराव तिच्यासमोर येऊन उभे राहिले. हातातली टोपी त्यांनी मांडीवर आपटली.

"काडी थांबवली, ते बरोबर केलं. मानूस आत हाय म्हनल्यावर कोनीबी थांबवते. वरचे साहेब विचारतीन तं मी सांगीन तसं." मग त्यांचा आवाज चढला. काळजीनं माणूस चिडतो, तसा. "पन तू आत काहून गेली? एकटी? हातात मशीन नाई, काई नाई! आज तुले काई झालं असतं तं तुया मायले का तोंड दाखवलं असतं मी? अना तेही कोनासाठी? हा मिस्त्री तुया कोन लागते?"

डोमानं हातातला डहाळा खाली ठेवला. जनाबाई पाण्याचा लोटा तोंडाशी नेता नेता थांबली.

'कुणी नाही' म्हणता आलं असतं. 'ड्युटी होती साहेब' असंही म्हणता आलं असतं, आणि यादोरावांनी ते मानूनही घेतलं असतं. तृप्तीनं सुगतकडे पाहिलं. तोंड काजळीनं माखलेलं, भुवया होरपळलेल्या, आणि डोळ्यांत भीती, ती काय म्हणेल याची. आगीत शिरताना नसेल इतकी.

"नवरा," ती म्हणाली.

मग तिनं श्वास घेतला. "अजून झाला नाई. पन होनार हाय."

सगळ्यांच्या नजरा सुगतकडे वळल्या. त्याचं तोंड उघडं ते उघडंच.

"अवो बापा!" जनाबाई खो-खो हसत सुटली. "पाहा वो त्याचं तोंड! त्यालेच मालूम नाई वाटते!"

"नाई ना," सुगत कसाबसा म्हणाला. "मी विचारलं तवा नाई म्हनलं होतं... मले थोडं बसू द्या..." आणि तो मटकन खाली बसला. जमीन अजून तापलेली होती. तो 'आई गं' करत तितक्याच झटक्यानं उभा राहिला, आणि इतका वेळ अडवून धरलेलं सगळ्यांचं हसू एकदम फुटलं. यादोरावही हसले. मग त्यांनी टोपी घातली आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

तृप्ती हसतही होती आणि तिच्या गालांवरून काजळीचे ओघळही उतरत होते. सुगत तिच्याजवळ आला.

"हो जी," तो म्हणाला. "हो... माझं तं हो हाय. पन कधी?"

वरच्या अंगाला एका खोडातून पुन्हा धूर निघू लागला होता. डोमा हात वर करून तिकडे दाखवत होता. तृप्तीनं सुगतचा हात धरला, त्याच्या पाठीवरच्या यंत्राची दोरी दुसऱ्या हातानं ओढली, आणि त्याला घेऊन चढाला लागली.

"आधी आग तं विझू द्या," ती म्हणाली.